खिडक्यांची फरसबंदी : संगणकाच्या पडद्यावरील एका व्यवस्थेचा परिचय



इयत्ता पहिलीच्या मुलास लेखन शिकविताना आपण प्रथम अनुलेखन देतो आणि श्रुतलेखन पुढे ठेवतो. याचे कारण आपण सर्व जाणतो. नमुना डोळ्यांसमोर असला म्हणजे हात सहसा चुकत नाही. आणि चुकलाच तर मूल नमुन्याशी ताडून आपली चूक आपणच दुरुस्त करते. मात्र शाळेच्या संगणकावर माहिती भरावयास बसलो म्हणजे हेच तत्त्व आपण विसरतो. नमुना क्षणभर पाहावयाचा, तो झाकून टाकावयाचा, आणि मग आठवून लिहावयाचे, असा एक तिसराच लेखनप्रकार आपण स्वतःवर लादून घेतो. प्रस्तुत लेखात या अडचणीवरील एका उपायाचा परिचय करून द्यावयाचा आहे. लिनक्स या संगणकप्रणालीत पडद्यावरील खिडक्या आपोआप शेजारी शेजारी मांडल्या जाण्याची व्यवस्था, हा तो उपाय होय.

एका शाळाभेटीतील अनुभव

काही वर्षांपूर्वी मी एका द्विशिक्षकी शाळेस भेट दिली. शाळेचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. मुख्याध्यापक विद्यार्थ्यांची माहिती यू-डायस प्लस या संकेतस्थळावर भरीत होते. जनरल रजिस्टरवरून तयार केलेली यादी एका खिडकीत होती आणि भरावयाचा नमुना दुसऱ्या खिडकीत. दोन्ही खिडक्यांनी पूर्ण पडदा व्यापलेला असल्यामुळे एक उघडली की दुसरी झाकली जाई. गुरुजी यादी उघडीत, जन्मतारीख वाचीत, यादी मिटवीत, आणि मग नमुन्यात ती तारीख लिहीत. एका आडनावाच्या दोन मुली यादीत लागोपाठ होत्या. एकीची जन्मतारीख दुसरीच्या नावापुढे गेली. गुरुजी अत्यंत काटेकोर म्हणून परिचित. आणि मी तर त्यांच्या शेजारीच बसलो होतो. तरीही ती चूक आम्हा दोघांच्याही लक्षात आली नाही. छापील प्रत काढून यादीशी ताळा घेतला, तेव्हा ती सापडली.

परत येताना वाटेत मी या गोष्टीचा विचार केला. चूक हयगयीमुळे झालेली नव्हती, मांडणीमुळे झाली होती. मूळ कागद आणि त्याची नक्कल हे दोन्ही एका वेळी आम्हा दोघांपैकी कोणासही दिसत नव्हते. जन्मतारखेतील एका अंकाची चूक मुलाच्या मागे दाखल्यापासून नोकरीपर्यंत कशी लागते, आणि शाळा सोडल्यानंतर ती दुरुस्त करण्यासाठी पालकांस किती हेलपाटे घालावे लागतात, हे आपणांस नव्याने सांगण्याची आवश्यकता नाही.

चवड आणि फरसबंदी

संगणकाच्या पडद्यावर प्रत्येक काम एका चौकटीत चालते. तिलाच आपण खिडकी म्हणतो. या खिडक्या मांडण्याच्या मुख्यतः दोन पद्धती आहेत.

पहिली पद्धत चवडीची. टेबलावर कागद एकावर एक पडावेत, त्याप्रमाणे खिडक्या एकमेकींवर येतात. वरची दिसते, खालची झाकली जाते. आपण नित्य वापरतो ती हीच पद्धत.

दुसरी पद्धत फरसबंदीची. शाळेच्या व्हरांड्यात शहाबादी फरशी बसविलेली असते, ती आठवावी. एक फरशी दुसरीवर चढत नाही आणि दोहोंमध्ये मोकळी जागाही राहत नाही. जिल्ह्याचा नकाशा हेही याचेच उदाहरण होय. १९४९ साली दक्षिण सातारा हा जिल्हा वेगळा झाला आणि १९६० साली त्यास सांगली हे नाव मिळाले. आज सातारा व सांगली यांच्या सीमेवर एकही शिवार असे नाही की जे दोन्ही जिल्ह्यांत मोजले जाते, अथवा दोहोंपैकी कोणत्याच जिल्ह्यात मोजले जात नाही. कोणी कोणावर चढावयाचे नाही, आणि मध्ये पडीक जागा सोडावयाची नाही. फरसबंदीचे हे दोन नियम आहेत.

ही मांडणी आपण हाताने खिडक्या ओढून करू शकतो. परंतु नवी खिडकी उघडताच संगणकाने स्वतःच इतर खिडक्यांस थोडे सरकवून तिला जागा करून दिली, आणि एखादी बंद होताच तिची जागा उरलेल्यांत वाटून दिली, म्हणजे तिला स्वयंचलित फरसबंदी म्हणावयाचे. पंगतीत नवा पाहुणा आला की सर्वजण थोडे थोडे सरकतात, तसेच हे होय.

ही कल्पना नवीन नाही

या पद्धतीचा इतिहास मनोरंजक आहे. झेरॉक्स कंपनीने १९८१ साली काढलेल्या स्टार नावाच्या संगणकात खिडक्या एकमेकींवर न चढता शेजारी शेजारी मांडल्या जात. मायक्रोसॉफ्ट कंपनीची विंडोज ही प्रणाली १९८५ साली प्रथम बाहेर आली, तेव्हा तिच्याही खिडक्या अशाच फरशीसारख्या बसत. १९८७ सालच्या दुसऱ्या आवृत्तीत खिडक्या एकीवर एक ठेवता येऊ लागल्या आणि पुढे तीच रीत सर्वत्र रूढ झाली. मागे पडलेली फरसबंदी पुन्हा वाढीस लागली ती लिनक्सच्या जगात.

याचे कारण लिनक्सच्या रचनेत आहे. लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने १९९१ साली लिनक्सचा गाभा प्रसिद्ध केला. त्याची मूळ आज्ञावली कोणासही पाहता येते, बदलता येते आणि दुसऱ्यास देता येते. या प्रणालीत पडद्यावर चित्र उमटविण्याचे काम जुन्या पद्धतीनुसार एक आज्ञावली करते. एक्स या नावाची ती योजना १९८४ साली अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत सुरू झाली. खिडक्या कोठे व केवढ्या ठेवावयाच्या, हे मात्र एक निराळीच आज्ञावली ठरविते. तिला विंडो मॅनेजर, म्हणजे खिडक्यांचा व्यवस्थापक, असे म्हणतात. शाळेची इमारत तीच ठेवून वर्गातील बैठकव्यवस्था बदलावी, तसा हा व्यवस्थापक बदलता येतो. बाकी संगणक जसाच्या तसा राहतो. वेलँड या नव्या पद्धतीत चित्र उमटविणे व जागा ठरविणे ही दोन्ही कामे एकाच आज्ञावलीकडे आली आहेत. तरीही ती आज्ञावली निवडण्याचे स्वातंत्र्य वापरणाऱ्याकडे कायम आहे.

या स्वातंत्र्याचा लाभ घेऊन अनेकांनी फरसबंदी करणारे व्यवस्थापक लिहिले. २००६ साली डीडब्ल्यूएम, २००७ साली एक्समोनाड आणि ऑसम, २००९ साली मायकेल स्टापेलबर्ग यांचा आय-थ्री, हे त्यांपैकी प्रमुख होत. डीडब्ल्यूएमच्या कर्त्यांनी तर आपली आज्ञावली दोन हजार ओळींपलीकडे जाऊ द्यावयाची नाही, असे बंधन स्वतःवर घालून घेतले. एवढ्या लहान आज्ञावलीत हे काम होऊ शकते, कारण त्यामागील गणित आपल्या चौथी-पाचवीच्या मुलांना समजावे इतके सोपे आहे.

वाटणीचे गणित

हे गणित शेतीच्या वाटणीवरून चांगले समजते. वाटणीचे दोन प्रकार आपल्या गावांत दिसतात.

पहिली वाटणी भावाभावांची. वाटेकरी वाढला की सर्वांचे हिस्से पुन्हा सारखे करावयाचे. दोन भाऊ असतील तर प्रत्येकी अर्धा हिस्सा, तीन असतील तर प्रत्येकी एक तृतीयांश. डीडब्ल्यूएमची नेहमीची मांडणी काहीशी अशी असते. मुख्य कामाची खिडकी डाव्या बाजूस मोठी राहते, आणि उरलेल्या खिडक्या उजव्या बाजूस एकीखाली एक, सारख्या उंचीच्या बसतात. पुष्कळ लॅपटॉपच्या पडद्यावर आडवे १३६६ व उभे ७६८ ठिपके असतात. वरची पट्टी हिशेबात न धरता पाहू. उजव्या बाजूस तीन खिडक्या असतील तर प्रत्येकीची उंची ७६८ भागिले ३, म्हणजे २५६ ठिपके होईल. चौथी आली की प्रत्येकीची उंची १९२ होईल.

दुसरी वाटणी पिढ्यांची. येथे ज्याच्या घरी वाटणी होते त्याच्याच हिश्श्याचे दोन भाग पडतात. चुलत्याच्या शेतास धक्का लागत नाही. १६० गुंठ्यांचे शेत दोन भावांत ८०-८० गुंठे झाले. एका भावाच्या दोन मुलांत त्या ८० चे ४०-४० झाले. त्यांपैकी एकाच्या मुलांत २०-२० झाले. काही व्यवस्थापक याच रीतीने चालतात. ज्या खिडकीत आपण काम करीत असतो, तिचेच दोन भाग होतात आणि नवी खिडकी शेजारचा भाग घेते. खिडकी रुंद असेल तर उभी रेघ पडते, उंच असेल तर आडवी. १३६६ रुंद व ७६८ उंच पडद्याचे प्रथम ६८३ रुंदीचे दोन भाग होतात. आता प्रत्येक भाग रुंदीपेक्षा उंचीने अधिक आहे. म्हणून पुढील रेघ आडवी पडून ३८४ उंचीचे भाग होतात. खिडकी बंद केली की तिची जागा शेजारच्या सख्ख्या भावंडाकडे परत जाते. संगणक ही सर्व नोंद वंशावळीच्या रूपाने ठेवतो. आय-थ्री हा व्यवस्थापकही वंशावळ ठेवतो. परंतु पुढील खिडकी शेजारी यावी की खाली, हे तो वापरणाऱ्यास ठरवू देतो.

वाटण्या होत गेल्या म्हणजे शेवटी तुकडा कसण्याजोगा राहत नाही. याच अडचणीसाठी १९४७ साली मुंबई प्रांतात तुकडेबंदीचा कायदा झाला होता. पडद्यावरही तीच गत होते. सहा-सात खिडक्या एका पडद्यावर आल्या की एकीतीलही अक्षर वाचता येत नाही. यावर उपाय म्हणून या व्यवस्थेत एकाऐवजी अनेक पडदे कल्पिलेले असतात. पहिल्या पडद्यावर माहिती भरणे, दुसऱ्यावर पत्रव्यवहार, तिसऱ्यावर पाठाची तयारी, अशी कामांची विभागणी करावी आणि एक कळ दाबून एका पडद्यावरून दुसऱ्यावर जावे.

आणखी एक अपवाद ध्यानात ठेवावा. ‘फाइल जतन करावयाची काय?’ असे विचारणाऱ्या लहान चौकटीस पडद्याचा अर्धा भाग देण्यात अर्थ नसतो. अशा चौकटी फरसबंदीतून वगळून वर तरंगत्या ठेवल्या जातात.

शाळेत याचा उपयोग कोठे

(१) माहिती भरताना : डावीकडे यादी, उजवीकडे नमुना. विद्यार्थ्याचे नाव, आईचे नाव, जन्मतारीख ही अक्षर न् अक्षर पाहून भरावी. विद्यार्थ्याचे नाव शाळेत एक आणि आधारपत्रावर दुसरे, अशी तफावत शोधावयाची असेल तर दोन्ही नोंदी शेजारी असल्यावाचून गत्यंतर नाही.

(२) पाठाच्या तयारीत : डावीकडे बालभारतीचे पाठ्यपुस्तक, उजवीकडे आपले टाचण. जत तालुक्यात मराठी व कन्नड या दोन्ही माध्यमांच्या शाळा आहेत. तेथील शिक्षकांस एकाच पाठाच्या दोन भाषांतील आवृत्त्या शेजारी ठेवून पाहता येतील.

(३) वर्गात : संगणक नसला तरी हा भाग शिकविता येतो. कागदाची घडी घालून अर्धा, पाव, एक अष्टमांश असे भाग मुलांकडून करवून घ्यावेत. शेवटचा भाग दोनदा घेतला म्हणजे अर्धा, पाव, एक अष्टमांश आणि एक अष्टमांश मिळून पुन्हा पूर्ण एक होतो. भाग कितीही केले तरी त्यांची बेरीज एकच राहते, हे तत्त्व मुले डोळ्यांनी पाहतात.

आरंभ कसा करावा

ज्या शाळेतील संगणक विंडोजवर सुरळीत चालतो, तेथे प्रणाली बदलण्याची घाई करू नये. खिडकीचे चिन्ह असलेली कळ दाबून धरावी आणि डावा किंवा उजवा बाण दाबावा. २००९ सालच्या विंडोज ७ पासून एवढ्याने खिडकी अर्ध्या पडद्यावर बसते. आज संध्याकाळीच हे करून पाहता येईल. लिनक्सच्या जगात त्या कळीस सुपर कळ म्हणतात, आणि उबुंटू या प्रणालीतही हीच रीत चालते.

परंतु आपल्या अनेक शाळांत असे संगणक आहेत की जे जुने झाले म्हणून कपाटात गेले आहेत. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा सर्वसाधारण आधार संपला आणि नवी आवृत्ती पुष्कळ जुन्या यंत्रांवर चढत नाही. अशा यंत्रावर लिनक्सचा प्रयोग करण्यास हरकत नाही. ही प्रणाली विनामूल्य मिळते, आणि एका पेनड्राइव्हवरून केंद्रातील सर्व शाळांस देणे कायद्याने योग्य आहे. केरळ राज्यातील शासकीय शाळांत अशा मुक्त प्रणालीचा वापर अनेक वर्षांपासून होत आहे.

स्वयंचलित फरसबंदी हवी असल्यास पॉप-ओएस ही प्रणाली नवशिक्यास सोपी पडेल. तिच्यात २०२० पासून ही सोय आहे. सुपर कळ दाबून वाय हे अक्षर दाबले की फरसबंदी सुरू होते आणि पुन्हा दाबले की बंद होते. केडीई प्लाझ्मा या व्यवस्थेत २०२३ सालच्या ५.२७ या आवृत्तीपासून सुपर व टी या कळींनी पडद्याचे भाग आपण आखून ठेवू शकतो. मग शिफ्ट कळ दाबून खिडकी ओढली की ती आखलेल्या भागात बसते. ही पद्धत पूर्ण स्वयंचलित नाही, तरी शाळेच्या कामास पुरेशी आहे. डीडब्ल्यूएम अथवा आय-थ्री यांचा अभ्यास हौशी शिक्षकांनी अवश्य करावा. मात्र सर्वांच्या वापरातील यंत्रावर ते एकदम बसवू नयेत, कारण त्यांत बहुतेक कामे कळफलकावरून करावी लागतात आणि शेजारचे सहकारी अडून पडतील.

पुढील दक्षता घ्याव्यात :

(१) प्रथम पेनड्राइव्हवरूनच प्रणाली चालवून पाहावी. त्यामुळे यंत्रातील जुनी माहिती पुसली जात नाही.

(२) कायम बसविण्यापूर्वी शाळेच्या सर्व फाइलींची प्रत दुसरीकडे ठेवावी आणि शाळेचा प्रिंटर चालतो की नाही, याची खात्री करावी.

(३) लहान पडद्यावर दोनच खिडक्या ठेवाव्यात. अर्ध्या रुंदीत संकेतस्थळाचे पान मावत नसेल तर कंट्रोल व वजाचे चिन्ह या कळी दाबून अक्षर थोडे लहान करावे. जुन्या प्रोजेक्टरची रुंदी १०२४ ठिपके असेल तर अर्ध्या भागास ५१२ च मिळतात. तेथे फरसबंदी बंद ठेवणे इष्ट.

(४) मुलांना चित्रफीत दाखविताना अथवा एकच काम करताना या व्यवस्थेचा आग्रह धरू नये. जेथे दोन कागद समोर लागतात तेथेच तिचे प्रयोजन आहे.

साहाय्यासाठी फार दूर जावे लागणार नाही. सांगलीस विश्रामबाग येथील वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयात लिनक्स वापरणाऱ्या विद्यार्थ्यांचे मंडळ आहे. आपल्या शाळांतून शिकून गेलेली मुले आज साताऱ्यात, कराडात, ईश्वरपुरात संगणकशास्त्राचे शिक्षण घेत आहेत. दिवाळीच्या सुटीत अशी मुले गावी आली म्हणजे त्यांस शाळेत बोलवावे. जुन्या शाळेच्या कपाटातील यंत्र सुरू करून देण्यात त्यांनाही आनंद वाटेल.

समारोप

खिडक्या सरकविणे, त्यांची मापे जुळविणे, ही कामे यंत्राची आहेत, ती यंत्राकडे सोपवावीत. ताडून पाहण्याचे काम मात्र आपले आहे. फरसबंदी केल्याने चुका आपोआप नाहीशा होत नाहीत. चूक झाली तर ती नजरेस पडेल, एवढी सोय होते. ज्या शाळाभेटीचा आरंभी उल्लेख केला, त्या गुरुजींना मी पुढील भेटीत दोन खिडक्या शेजारी मांडून दाखविल्या. पाच मिनिटे काम केल्यावर ते म्हणाले, “साहेब, हे तर आपलंच अनुलेखन झालं.” तेव्हापासून ते प्रत्येक मुलाची नोंद भरून झाली की यादीवर एक बोट, नमुन्यावर दुसरे बोट ठेवून तारीख मोठ्याने वाचतात आणि मगच पुढील नावाकडे वळतात.

प्रत्येक शाळेने येत्या महिन्यात किमान एका इयत्तेची माहिती या रीतीने तपासून पाहावी आणि कोणत्या प्रकारच्या चुका आढळल्या, याचे टिपण केंद्राच्या शिक्षण परिषदेत मांडावे. मुलांची नावे त्या टिपणात घालू नयेत. चुकांची संख्या मोठी निघाली तरी संकोच वाटण्याचे कारण नाही. मूल शाळेत आहे तोवर सापडलेली चूक दुरुस्त होऊ शकते.